कात्रीवाल्या सिस्टरची रेघ

भोपळा घेताना सिस्टर तो लगेच उचलायच्या नाहीत. एक हात वरून, एक हात खालून घालून त्याला अलगद कुशीवर वळवायच्या, मागची बाजू नीट बघायच्या आणि तितक्याच हळू परत ठेवायच्या. मग भाजीवाली सांगेल तो भाव देऊन चालू लागायच्या. मोताळ्याच्या आठवडी बाजारात हे मी स्वतः पाहिलं आहे. भाजीवाल्या बायका हसायच्या. मला मात्र राग यायचा. माल इतका निरखून घ्यायचा आणि भाव बोलेल तो द्यायचा, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. एकदा मी त्यांना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "पाठ बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, भाऊ. भावाचं मला कळत नाही."

त्या आमच्या रस्त्यावरच्या सरकारी दवाखान्यात अपघात विभागाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. माणसालाही त्या अशाच वळवायच्या. मान धरायला एक जण, खांद्याला आणि कमरेला दोघं, आणि एकदम, लाकडाचा ओंडका वळवावा तसं. समोरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या पाठीत काय घुसलेलं असतं ते फक्त वळवल्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार आहे. कागदावर ती केव्हाच निकाली निघाली. माझ्याजवळ अजून आहे तशी आहे.

मी कोण ते आधी सांगतो. मी बैलबाजारात वाढलो. दुसऱ्यांच्या बैलांचे दोर धरण्यापासून सुरुवात केली, मग दलाली केली. आज जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे आणि बाजाराच्या तोंडाशी स्वतःचं शेड आहे. कोणी हातात आणून दिलं नाही, सगळं बोलून मिळवलं. डोकं लवकर तापतं हे मला माहीत आहे. पण तापलेल्या डोक्यानं माझं नुकसान क्वचितच झालं आणि फायदा पुष्कळदा. त्यामुळे जिथं भावच होत नाही अशा जागी मला गुदमरल्यासारखं होतं. सिस्टरचा अपघात विभाग ही तशी जागा होती.

तिथं दारापासून थोडं आत गेलं की फरशीवर आडवी, ठसठशीत पिवळी रेघ होती. ऑइलपेंटची. ती सिस्टरनी स्वतः मारलेली होती. पायांनी झिजली की सुटीच्या दिवशी येऊन, पदर खोचून, त्या ती परत रंगवायच्या. रेघेच्या पलीकडे पेशंट आणि काम करणारी माणसं. अलीकडे बाकी सगळं जग. सरपंच असो, पोलीस असो, आई असो. एकदा एक पुढारी आले. ते बुटाचं टोक मुद्दाम रेघेवर ठेवून उभे राहिले. सिस्टर एका पोराच्या डोक्याला पट्टी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, बूट मागं." बूट मागे गेला.

कमरेला पांढऱ्या फितीनं कात्री बांधलेली असायची, टोकाला बोथट. त्यामुळे अख्ख्या तालुक्यात त्यांना कात्रीवाल्या सिस्टर म्हणत. अपघाताचा माणूस आला की त्या पहिल्यांदा कपडे कापायच्या. शर्ट काढण्यासाठी हात वर करायला लावणं त्यांना पसंत नव्हतं. मान मोडलेली असेल तर तेवढ्यानंही बिघडतं, म्हणायच्या. एकदा वरातीतल्या घोड्यावरून पडलेल्या नवरदेवाला आणलं. अंगावर जरीची शेरवानी. त्याचा मामा रेघेअलीकडून हात जोडून सांगत होता, "सिस्टर, भाड्याची आहे हो, कापू नका." सिस्टरनी गळ्यापासून घेरापर्यंत कात्री सरळ नेली आणि म्हणाल्या, "नवरदेव तर घरचा आहे ना?" आत निघालं काय, तर खांद्याला खरचटलेलं. तो मामा पुढं वर्षभर भेटेल त्याला त्या शेरवानीची कथा सांगत होता.

त्यांचे असे आणखी पुष्कळ हट्ट होते. जो मोठ्यानं ओरडतो त्याच्याकडे त्या शेवटी जायच्या. नातेवाईक चिडले की म्हणायच्या, "ओरडणारा सांगूनच ऱ्हायलाय की माझा श्वास चालू आहे. गप पडलेल्याला मला जाऊन विचारावं लागतं." 'काही होणार नाही, घाबरू नका' हे वाक्य त्यांच्या विभागात कोणी उच्चारायचं नाही. नवीन पोरी सवयीनं बोलून जायच्या, मग त्यांना बोलणी बसायची. "तुला कोणी सांगितलं काही होणार नाही म्हणून? बघून ऱ्हायलो म्हणावं. तेवढंच खरं आहे."

आणि पाणी. अपघातातला माणूस पाणी मागतोच आणि नातेवाईक बाटली घेऊन धावतातच. सिस्टर त्या बाटल्या हिसकावून घ्यायच्या. पोटात काय फुटलंय ते माहीत नाही, ऑपरेशन लागेल की नाही ते माहीत नाही, शुद्ध गेली तर ते पाणी छातीत जाईल. हे सगळं त्या एकदा समजावून सांगायच्या. दुसऱ्यांदा नुसता हात पुढं करायच्या. पाण्यावरून त्यांची जितकी भांडणं झाली तितकी कात्रीवरूनही झाली नाहीत. तहानलेल्याच्या तोंडचं पाणी काढणारी बाई, अशीही त्यांची ख्याती होती. त्यांचं माहेर साखरखेर्ड्याकडचं. "आमच्याकडं वैऱ्यालाही आधी पाणी देतात," असं त्यांनीच मला एकदा सांगितलं.

ड्युटी संपली तरी त्यांचे डोळे थांबायचे नाहीत. मी एकदा लोणारच्या एसटीत त्यांच्या मागच्या बाकावर होतो. पुढं एक जाडा गृहस्थ मान मागं टाकून घोरत होता. सिस्टर उठल्या, त्याची हनुवटी धरून मान एका बाजूला केली आणि परत येऊन बसल्या. तो दचकून उठला आणि मला म्हणाला, "काऊन बे, झोपू नाही देत का?" सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. भांडण मला करावं लागलं.

इतकं असूनही मला त्या आवडत होत्या. त्यांच्या हाताखालून जिवंत गेलेली माणसं मला बाजारात रोज भेटायची.

आता चाचांचं सांगायला हवं.

मला बाजार शिकवला तो चाचांनी. त्यांचा माझा रक्ताचा संबंध नव्हता, ते मुसलमान आणि मी हिंदू. पण माझा बाप गेला तेव्हा मला भाकर आणि धंदा दोन्ही त्यांनी दिलं. आखूड पांढरी दाढी, खांद्यावर चौकड्याचा रुमाल. तो रुमाल त्यांचं दुकान होतं. आता पोरं मोबाईलवर आकडा लिहून दाखवतात, पण आमच्याकडे बैलाचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात रुमालानं झाकायचे आणि समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. हजार की शेकडा ते दोघांना माहीत. दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव कोणाला कळत नाही. पटलं की हातावर हात. नाही पटलं की हात रुमालातून काढून घ्यायचा, सौदा मोडला. तोंडानं फक्त "बोल, बोल" म्हणायचं. चाचा तर झोपेतही "बोल, बोल" म्हणायचे. चाची म्हणायची, हा माणूस मेल्यावर फरिश्त्यांशीही भाव करेल.

त्या दिवशी आम्ही एका बैलजोडीसाठी निघालो होतो. चाचा पुढं टमटममध्ये, मी मागून मोटरसायकलवर. वळणावर टमटम पलटली. चाचा, एक बाई आणि एक तरुण पोरगा एवढ्यांना जास्त लागलं. पोरगा आभाळ फाटेल असा ओरडत होता. बाईचा पाय चिरडला होता. चाचांच्या कपाळावर थोडं रक्त होतं आणि ते गप होते. मिळेल त्या गाडीत घालून आम्ही त्यांना दवाखान्यात आणलं.

मी चाचांच्या स्ट्रेचरबरोबरच आत शिरत होतो. सिस्टरनी मला छातीला हात लावून थांबवलं.

"भाऊ, रेघेच्या मागं."

"सिस्टर, हे माह्या बापासारखे आहेत. मले जवळ राहू द्या. मी काहीच बोलत नाही."

"रेघेच्या मागं."

"बरं, मिनिटभर. अर्धा मिनिट द्या."

"इथं भाव होत नाही," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

मी थांबलो. आयुष्यात इतक्या लवकर मी कधी माघार घेतली नव्हती. पण त्या बाईंच्या कामाची मला खात्री होती, म्हणून थांबलो. रेघेवरून मला फक्त चाचांचे पाय दिसत होते. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. बाकी सगळं सिस्टरच्या पाठीआड. कात्रीचा आवाज आला. चाचांचा कुर्ता कापला जात होता. त्या मोठ्यानं विचारत होत्या, नाव काय, कुठं दुखतं. मग म्हणाल्या, "चाचा, माझी बोटं दाबा." थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोडा." त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. डॉक्टर त्या बाईच्या पायाशी होते. सिस्टर त्यांच्याशी जाऊन बोलल्या, डॉक्टरांनी मान हलवली.

मग सिस्टर रेघेपाशी आल्या आणि मला सगळं सांगितलं. चाचा गोंधळलेले आहेत, पण हाक ऐकतात. सांगितल्यावर दोन्ही हातांनी बोटं दाबली, सोडा म्हटल्यावर सोडली. त्या बाईचं रक्त थांबत नाही, ती आधी जाईल. अकोल्याला न्यायला गाडी एकच आहे. दुसरी बोलावली आहे. "बघून ऱ्हायलो," एवढंच शेवटी म्हणाल्या. मला ते पुरेसं वाटलं. बाईला घेऊन गाडी गेली.

दुसरी गाडी यायच्या आत चाचांचा श्वास घोरल्यासारखा झाला. ते सिस्टरनीच सगळ्यांच्या आधी ऐकलं. धावपळ झाली. अकोल्याच्या वाटेवर चाचा गेले. डोक्यात आत रक्त साचत होतं. पहिल्या गाडीनं गेले असते तर वाचले असते का, हे मी अकोल्याच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. ती बाई वाचली. कुबडी घेऊन चालते, बाजारात भेटते, रामराम करते. तिच्याकडे बघून माझ्या मनात काय येतं ते मी लिहीत नाही.

चाचांच्या घरी सिस्टर बसायला आल्या. चाचीजवळ थोडा वेळ बसल्या, मग ओट्यावर माझ्याशेजारी आल्या. त्यांना काहीतरी टोचत होतं. म्हणाल्या, "भाऊ, इतकं रक्त साचलेल्या माणसाची पकड अशी कशी असंल? मी दोन हात दिले होते. त्यांनी आधी सगळा पंजा आवळला, मग सोडला. मग दोनच बोटं धरली. आणि 'बोल, बोल' म्हणत होते. मला वाटलं, मलाच म्हणतायत, शुद्धीवर आहेत."

मी चाचांचा रुमाल घेऊन बसलो होतो. तो सिस्टरच्या हातावर टाकला, खाली हात घातला. पंजा आवळला, सोडला, दोन बोटं धरली.

"असंच?"

"असंच."

"सिस्टर, ते तुमचं ऐकत नव्हते. ते सौदा करून राह्यले होते."

त्या आकड्यावरून मला जोडीसुद्धा ओळखता आली. अपघाताच्या दिवशी सकाळी जिच्यासाठी निघालो होतो तीच. माझ्यासाठी घ्यायची होती.

सिस्टर हात रुमालाखाली तसाच ठेवून बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे हाताला सवय होती. माणूस तिथं नव्हता."

"मी तिथं असतो तर एका नजरेत सांगितलं असतं. मले तुमीच मागं ठेवलं."

"हाव," त्या म्हणाल्या. 'हो'च्या जागी आमच्यासारखं 'हाव' त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

मी जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार केली. केली याचं मला आजही वाईट वाटत नाही. तिथं पोचल्यावर कळलं की माझ्या आधी सिस्टरनीच स्वतःविरुद्ध लिहून दिलेलं आहे. चौकशी झाली. ठरलेल्या पद्धतीप्रमाणे तपासणी झाली, दाबा आणि सोडा दोन्ही विचारलं गेलं, निर्णय योग्य होता, परिचारिकेचा दोष नाही, असं उत्तर आलं. मी पेटून उठलो. त्याच आठवड्यात सिस्टर माझ्या शेडमध्ये आल्या. मला वाटलं, आता समेट करायला आल्या. मी खुर्चीही पुढं केली नाही.

उभ्यानंच म्हणाल्या, "हे उत्तर तुम्ही मान्य करू नका."

माझ्या धंद्यात समोरचा मागितल्यापेक्षा जास्त द्यायला लागला की मी आधी माल तपासतो. म्हणालो, "तुमाले सोडलं त्यायनं. तुमचं काय अडलं?"

"त्यांनी नियम तपासला. नियम पाळला म्हणून मी बरोबर, असं म्हणाले. मग पुढच्या माणसाचं काय? तो सोनार असंल, शिंपी असंल, ढोलकी वाजवणारा असंल. त्याचे हात काय करतात ते मला कसं कळणार?"

मग त्यांनी मला वरच्या अर्जात काय लिहायचं ते सांगितलं, मुद्देसूद, स्वतःविरुद्ध. मी लिहिलं. त्याचंही उत्तर तेच आलं. दोष नाही. त्या निकालावर नाराज असलेली दोनच माणसं होती, आणि ती दोघं एकमेकांशी भांडत होती.

शेडमध्ये आल्या त्याच दिवशी जाता जाता त्यांनी मला सौदा शिकवा म्हणून गळ घातली. मी चिडून म्हणालो, भाजीचा भाव करता येत नाही, बैलाचा काय कराल. पण शेवटी शेडमधल्या बाकावर बसवून रुमाल टाकला. त्या इतक्या वाईट सौदागर निघाल्या की मला रागातही हसू आलं. मी आकडा दाबला की त्या तो तोंडानं मोठ्यानं बोलून दाखवायच्या. "सिस्टर, रुमाल कायले मग?" म्हटलं तर ओशाळायच्या. त्यांना भाव नको होता, पकड पाहिजे होती. सवयीनं दाबलेलं बोट आणि समजून दाबलेलं बोट यांत फरक लागतो का ते त्या डोळे मिटून शोधत होत्या. लागत नव्हता. मलाही लागत नाही.

त्यानंतर त्यांच्या विभागात दोन गोष्टी बदलल्या. पिवळ्या रेघेत एक माणूस जाईल एवढी फट ठेवली गेली. पेशंटला ओळखणारा एक जण आत यायचा आणि त्याला पहिला प्रश्न असायचा, हा माणूस हातानं काय काम करतो. आणि बोटं दाबून झाल्यावर त्या म्हणायच्या, "जीभ बाहेर काढा." मी विचारलं, जीभच का. म्हणाल्या, "तुमच्या बाजारात जिभेनं सौदा करतं का कोणी?" म्हातारे लोक संतापायचे. एका पाटलांनी, चांगल्या शुद्धीत असताना, बाईमाणसासमोर जीभ काढायला साफ नकार दिला. सिस्टर म्हणाल्या, "नाही म्हणाले ना, मग समजलं त्यांना. लिहा, शुद्धीवर."

गोष्ट इथं संपली असती तर मी ती हसत हसत सांगत फिरलो असतो. पण सिस्टरचा हात अडखळायला लागला होता. दवाखान्यातला वॉर्डबॉय माझ्या शेडवर चहाला यायचा, त्याच्याकडून कळायचं. एकच तपासणी त्या पुन्हा पुन्हा करायच्या. बोटं दाबून घ्यायच्या, जीभ बघायच्या, परत बोटं. एकदा दोन मोटरसायकली धडकल्या होत्या. एका पोरापाशी त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की दुसऱ्या सिस्टरला त्यांच्या खांद्याला धरून बाजूला करावं लागलं. त्या पोराचं काही बिघडलं नाही. पण सिस्टरनी त्याच आठवड्यात बदली मागितली, अपघात विभाग नको म्हणून. लोणारकडच्या एका आरोग्य केंद्रात त्या लहान मुलांना लस द्यायला गेल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मला बोलावणं होतं. मी गेलो नाही. तक्रारदारानं हार घालायला जायचं कसं, हे मला सुचलं नाही.

त्याला काही वर्षं झाली. अलीकडेच राजूरच्या घाटात माझी पिकअप कठड्याला घासत जाऊन उलटली. मी भानावर होतो, पण डोकं जोरात आपटलं होतं. त्याच दवाखान्यात आणलं. आडवा पडल्या पडल्या मी पहिल्यांदा फरशी बघितली. नवीन, चकचकीत, पांढऱ्या फरश्या बसल्या होत्या. रेघ नव्हती. माझ्या खाटेभोवती माझाच पुतण्या, त्याचे मित्र, ड्रायव्हर, शिवाय मला न ओळखणारेही दोघं-तिघं उभे होते. शर्ट कोणी कापला नाही. हात वर करून ओढून काढला, तेव्हा खांद्यातून कळ गेली.

नवी सिस्टर तरुण होती, गोड बोलणारी. "घाबरू नका काका, काही होणार नाही," म्हणाली. मग माझ्या हातात बोटं दिली. "दाबा." मी दाबली. "छान," म्हणाली आणि लिहायला लागली.

मी वाट बघितली. मी हातानं काय काम करतो ते कोणी विचारलं नाही. माझ्या हातांनी बेशुद्धीतही बोटं दाबली असती, हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं. शेवटी न राहवून मी आपणच जीभ बाहेर काढली आणि तिच्याकडे बघत राहिलो.

"काका, पाणी पाहिजे का?" ती म्हणाली. पुतण्यानं बाटलीचं झाकण उघडलंच होतं.

मी वाचलो. डोक्याला टाके, खांद्याला पट्टी. चालायला लागल्यावर पहिल्यांदा लोणारची एसटी धरली.

आरोग्य केंद्राच्या ओसरीत आया मांडीवर लेकरं घेऊन बसल्या होत्या. सिस्टर टेबलाशी होत्या. केस पांढरे झाले होते, कमरेला कात्री नव्हती. मला बघितल्याबरोबर त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या पट्टीवर गेली, मग खांद्यावर, मग मी पाय कसा टाकतो त्यावर. काम आटोपेपर्यंत त्यांनी मला बाकावर बसायला सांगितलं. मग येऊन शेजारी बसल्या. मी घाटापासून बाटलीच्या झाकणापर्यंत सगळं सांगितलं. शर्टाचं ऐकताना त्यांचे ओठ घट्ट झाले. जिभेचं ऐकून त्या हसल्या नाहीत.

"परत चला," मी म्हणालो. "मी वर बोलतो. चाचीनंही सांगितलं आहे, माह्याकडून काही तक्रार नाही म्हणावं. तिथं आता कोणी नाही, सिस्टर."

"ती पोरगी शिकंल."

"तिले कोण शिकवणार?"

त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटे सुलटे करून बघितले. "लेकराचा दंड धरताना यांना काही विचारावं लागत नाही. तिथं गेल्यावर हे मला विचारतात, खरंच समजलं का त्याला? आणि मला उत्तर येत नाही, भाऊ. उत्तर न येणारा माणूस तिथं उभा ऱ्हायला नको."

बोलून उपयोग नाही हे मला कळलं. मी खांद्यावरचा रुमाल काढला. चाचांचाच तो. सिस्टरच्या हातावर टाकला आणि खाली हात घालून त्यांची बोटं धरली. आयुष्यात मी इतका मोठा सौदा केलेला नाही. काय आकडा दाबला ते मलाही सांगता येणार नाही. पंजा आवळला, सोडला, परत आवळला. "बोल," म्हणालो, "बोल." समोरच्या आया लेकरांना थोपटायचं विसरून बघत होत्या.

सिस्टरनी या वेळी काहीच मोठ्यानं बोलून दाखवलं नाही. त्या शिकल्या होत्या. थोडा वेळ त्यांचा हात माझ्या हातात राहिला. मग त्यांनी तो रुमालाखालून काढून घेतला.

रुमालाची नीट घडी केली, माझ्या चांगल्या खांद्यावर ठेवली आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"जीभ बाहेर काढा."

इतक्या बायकांसमोर मी जीभ बाहेर काढली. त्यांनी ती सरळ आहे का बघितली, दोन्ही डोळे बघितले, मग माझ्यामागे जाऊन पाठीवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला.

"ठीक आहे," म्हणाल्या. "जा आता. गाडी सुटंल."

एसटीत बसल्यावर मला माझी तक्रार आठवली. रेघेच्या आत येऊ दिलं नाही, ही ती तक्रार. ती आहेच. पण आता तिच्याशेजारी दुसरी येऊन बसली आहे, की त्या स्वतःच रेघेच्या बाहेर येऊन थांबल्या. ही कुठल्या कार्यालयात द्यायची ते मला कळत नाही.